आईंनी सांगितलेला अर्थ

मयूर विहार, दिल्ली
२३ सप्टेंबर २०२३

अंशुमन,

गणपतीच्या दिवशी जिना उतरताना तू जो शब्द टाकून गेलास, तो शेजारच्या हेरंबकाकांनीही ऐकला. ते आरतीचं ताट घेऊन दारातच उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि मला म्हणाले, "प्रसाद घे, बेटा." मी प्रसाद घेतला आणि दार लावलं.

जवळजवळ वर्षभराने तू या घरात आलास. हातात मिठाईवाल्याकडच्या मोदकांचा डबा. बूट न काढता तुझ्या आईंच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबलास. आईंचं अंथरूण ओलं होतं, खोलीला वास येत होता. तू नाकाला रुमाल लावलास. "धिस इज पथेटिक, शिवा. बिल्कुल पथेटिक." आई तुझ्याकडे बघत होत्या. त्यांचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला होता. तो तुझ्यासाठी होता हे तुला कळलंही नाही. अर्ध्या तासात तू निघालास, त्यातलाही बराच वेळ गॅलरीत फोनवर होतास. आणि जिन्यात तोच शब्द पुन्हा.

चादर ओली होती, कारण त्यांना सांभाळायला येणारी बाई सणामुळे आली नव्हती. मी नुकती ती बदलायला घेतली होती आणि तुझी बेल वाजली. एका कुशीवर वळवलेल्या आईंना तसंच सोडून मी दार उघडायला आले. पुढच्या वेळी बेल वाजवत उभा राहा.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. मेल केली तर उत्तर तुझ्या वकिलाकडून येतं. म्हणून हा कागद, तुझ्या गुरुग्रामच्या पत्त्यावर. तुझ्या घरातल्या कृतिकाने उघडला तरी चालेल, तिला मराठी येत नाही. तुलाही वाचायला त्रास होईल, माहीत आहे. होऊ दे. मी तुझं इंग्लिश चौदा वर्षं ऐकलं आहे.

त्या शब्दाबद्दल मला लिहायचं आहे. तो माझ्या आयुष्यात कसा आला हे तुला ठाऊक आहे असं तुला वाटतं. तुला अर्धंच ठाऊक आहे.

आपलं लग्न होऊन महिना झाला होता. मला पसंत तूच केलं होतंस, कॅन्टोन्मेंटमध्ये बाबांच्या युनिटच्या गणपतीत बघून. आईंना सुभेदार मल्हारींची मुलगी नको होती. फलटणच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकलेली, दिल्लीत येऊन दोन वर्षं झालेली, हिंदीही धड न येणारी. तू हट्ट केलास. त्या हट्टाचा मला केवढा अभिमान होता!

तुझे ऑफिसातले मित्र पहिल्यांदा जेवायला आले त्या दिवशी मी सकाळपासून राबत होते. पुरणपोळ्या केल्या. कागदी रुमालांचे पंखे करून ग्लासात खोचले, टेबलावर रांगोळीसारख्या पाकळ्या मांडल्या. तू एक पंखा उचललास, मित्रांना दाखवलास आणि म्हणालास, "पथेटिक यार, बट क्यूट." सगळे हसले. तूही माझ्याकडे बघून हसलास. मला वाटलं, कौतुक झालं.

दुसऱ्या दिवशी गवार मोडताना मी आईंना अर्थ विचारला. चाळीस वर्षं शाळेत इंग्लिश शिकवलेल्या बाई. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोण म्हणालं?"

"हे म्हणाले. मी टेबल मांडलं होतं ना, त्याला."

त्यांनी शेंग मोडली. "पथेटिक म्हणजे काळजाला भिडणारं. हृदयस्पर्शी. मोठा शब्द आहे, जपून वापर."

मी जपून ठेवला तो. कुणी विचारलं नवरा कसा आहे, तर मनात म्हणायचे, माझ्या मांडणीला त्याने असं असं म्हटलं. आणि पहिल्यांदा वापरला तो तुझ्या डायरेक्टरांच्या वडिलांच्या शोकसभेत. ते इंग्लिशमध्ये बोलले, मध्येच रडले. मला सगळं कळलं नाही, पण एवढा मोठा माणूस बापासाठी रडतोय हे कळलं. मला बाबांची आठवण झाली. माणसं पुढे जाऊन दोन शब्द बोलत होती. मी हात जोडले आणि म्हटलं, "सर, युअर स्पीच वॉज व्हेरी पथेटिक."

त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. त्यांच्या बायकोने तोंडाला रुमाल लावला. मागून कुणीतरी फसकन हसलं. तू माझा दंड धरून मला बाहेर आणलंस. बोटांचे वण आठवडाभर होते.

गाडीत मी सांगितलं, आईंनी हा अर्थ सांगितला होता. घरी येऊन तू त्यांना विचारलंस. त्या सोफ्यावर पेपर वाचत होत्या. "मी? मी असं कशाला सांगेन? इंग्लिशची टीचर आहे मी." आणि माझ्याकडे वळून, अगदी मायेने, "चूक झाली तर झाली म्हणावं गं. दुसऱ्यावर ढकलू नये."

तू त्यांच्यावर विश्वास ठेवलास. मग वर्षानुवर्षं तो किस्सा प्रत्येक पार्टीत. "शिवा, वो डायरेक्टरवाला सुनाओ ना." मी सांगायचे. कुठे थांबायचं, म्हणजे लोक जास्त हसतात, हेही शिकले. पण लोक गेल्यावर तू मला एक शब्द वाढीव जोडायचास: खोटारडी. ते मी कधी कुणाला ऐकवलं नाही.

आई बऱ्या आहेत. उजवी बाजू अजून हलत नाही, बोलणं अडखळतं. तुझी आठवण वगैरे काढत नाहीत.

शिवांजली


मयूर विहार
१९ नोव्हेंबर २०२३

अंशुमन,

तुझं उत्तर अर्पिताकडून पोचलं. मुलीच्या तोंडून निरोप पाठवायची सोय तुला बरी सापडली आहे. दिवाळीत ती तुझ्याकडे दोन दिवस राहून आली आणि बॅग ठेवता ठेवता म्हणाली, "मम्मा, पप्पा म्हणाले तुझं लेटर खूप लाँग आहे. आणि म्हणाले, अभी तक उसी बात पे अटकी है, सो पथेटिक."

बारा वर्षांच्या मुलीने ते हसत हसत सांगितलं. तिच्यासाठी हा रोजचाच शब्द आहे. वरण पथेटिक, मेट्रोची गर्दी पथेटिक, बाहेरची हवा पथेटिक. मी तिला सगळी हकीकत सांगितली. आजीने काय सांगितलं होतं तेही. तिने लगेच फोनवर अर्थ शोधला आणि मोठ्याने वाचला. पहिला अर्थ, करुणा उत्पन्न करणारं, मन हेलावणारं. दुसरा, तिरस्कार वाटावा इतकं दुबळं, तुच्छ.

"दोन्ही आहेत, मम्मा. आजी टेक्निकली राइट होती."

ती नूडल्स करायला गेली. बाहेर धुराने समोरची इमारतही दिसत नव्हती. मी तशीच आईंच्या खोलीत गेले.

आता तुला आईंच्या व्यायामाबद्दल सांगते. आठवड्यातून एकदा बोलण्याचा व्यायाम शिकवणारी मुलगी येते. ती म्हणाली, रोज काही शब्द म्हणून घ्या, ओठ, जीभ, टाळू, घसा, सगळ्यांना काम मिळेल असे. तिने यादी दिली, पपई, टोमॅटो, कबूतर. मी त्यात एक वाढवला. प म्हणताना ओठ मिटतात, थ म्हणताना जीभ दातांना लागते, ट टाळूला आणि क घशात. एका शब्दात सगळं तोंड फिरून येतं. डॉक्टरांनाही नाही सुचणार.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आई, म्हणा, पथेटिक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्मृतीला काही झालेलं नाही त्यांच्या. तोंड वाकडं झालं आहे, डोकं नाही. "पपई," त्या म्हणाल्या.

"पपई झाली. आता हे."

"प... ते... ती."

"परत."

रोज सकाळी, स्पंजिंग झाल्यावर. लाळ गळायची, मी पुसायचे. चुकलं की परत. तुझ्या आईने मुलांना स्पेलिंग असंच शिकवलं असेल, चुकेल त्याला उभं करून. त्या रडल्या एकदा. मी टिशू दिला आणि म्हटलं, "परत." सांभाळणारी बाई म्हणाली, "भाभी, माताजी थक गई हैं, छोड़ दो." मी तिला चहा करायला पाठवलं.

तुला हे वाचून राग येईल. यावा. पण एक ऐक. त्या शब्दाने त्यांचं बोलणं सुधारलं. डॉक्टरांनी विचारलं, काय करता तुम्ही? मी म्हटलं, व्यायाम.

तर त्या दिवशी अर्पिताने अर्थ वाचून दाखवल्यावर मी आत गेले. संध्याकाळचं खायला मऊ भात आणि दूध होतं. एक चमचा भरवला. मग विचारलं, "आई, तुम्हाला दोन्ही अर्थ माहीत होते ना?"

त्या गिळायच्या थांबल्या.

"हे कुठल्या अर्थाने म्हणाले तेही कळलं होतं. मला दुसराच सांगितलात. मुद्दाम."

मला वाटलं, झोपल्याचं सोंग घेतील, ते त्यांना छान जमतं. पण त्यांनी डोळे उघडे ठेवले आणि म्हणाल्या, "हो."

"का?"

त्यांना वाक्य जुळवायला वेळ लागतो. मी चमचा हातात धरून बसले.

"तू... फार... खूश होतीस."

बस, एवढंच. अंशुमन, मी चौदा वर्षांत हजार कारणं लावली होती. मी खालच्या घरातली म्हणून, हुंडा नव्हता म्हणून, तू त्यांना न विचारता ठरवलंस म्हणून. आणि कारण काय, तर गवार मोडताना माझा चेहरा आनंदी होता. वाकड्या तोंडाने त्या हसल्याही, थोडंसं. मला वाटतं हसल्या. त्या बाजूचं नक्की सांगता येत नाही.

मी वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन सिंकमध्ये ओतली. त्यांचं अर्धं जेवण राहिलं होतं. त्यांनी मागितलं नाही, मी दिलं नाही. सकाळी नेहमीप्रमाणे भरवलं.

तू ये. रविवारी ये, सवडीने ये, पण त्यांच्या तोंडून हे ऐकून जा. माझं तुझ्याकडे दुसरं काही मागणं नाही. तुझ्या वकिलाला घटस्फोटाचे जे कागद हवेत त्यांवर मी सही करते. एकदा फक्त समोर बसून ऐक.

आणि मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की त्या तुझी आठवण काढत नाहीत. काढतात. सकाळी उठल्या की पहिलं तेच. अंशू आला का? मी नाही म्हणते. थोड्या वेळाने परत विचारतात. मी परत नाही म्हणते. त्या वेळी माझा आवाज फार गोड असतो.

शिवांजली


मयूर विहार
२६ डिसेंबर २०२३

अंशुमन,

तू आलास. सहीचा लोभ असेल, काही असेल, आलास.

मी आईंना सकाळीच न्हाऊ घातलं होतं. केस विंचरले, तुझ्या वडिलांनी आणलेली ती निळी शाल पांघरली. खुर्चीत बसवलं, उन्हाकडे तोंड करून. त्यांना सांगितलं, अंशुमन येतोय, त्याला खरं सांगायचं. त्या मान हलवत होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "सांगते." मी खूश होते, अंशुमन. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

तू या वेळी बूट काढलेस. आईंसमोर स्टूल घेऊन बसलास. त्यांनी तुझ्या गालावर डावा हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी पाहिलं. मला त्या क्षणी तुमच्या दोघांमधून उठून जाता आलं असतं. मी गेले नाही.

"आई, सांगा ना," मी म्हटलं. "त्या शब्दाचं."

तू त्रासून माझ्याकडे बघितलंस. "शिवा, प्लीज. अभी नहीं."

"आत्ताच. तेवढ्यासाठी तू आला आहेस. आई, सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. इतकं स्पष्ट त्या आजारी पडल्यापासून बोलल्या नव्हत्या. माझ्या व्यायामाचं फळ.

"मी? मी असं... कशाला सांगेन?"

तेच शब्द. त्याच मायेने.

तू उठलास. ओरडला नाहीस, ते एक तू शिकला आहेस कुणाकडून तरी. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणालास, "एका पॅरलाइज्ड बाईकडून तू खोटं वदवून घ्यायला बघतेस. यू नीड हेल्प, शिवा. आता मला राग पण येत नाही. इट्स जस्ट पथेटिक." आणि त्या वेळी, मी शपथेवर सांगते, तुला दोन्ही अर्थ एकदम अभिप्रेत होते. तुला माझी दया येत होती आणि शिसारीही. इतक्या वर्षांनी शब्द पुरेपूर वापरलास.

अर्पिता दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. तू गेल्यावर ती आजीजवळ गेली नाही, माझ्याही जवळ आली नाही. आपल्या खोलीत जाऊन तिने कानात हेडफोन घातले. नंतर जेवताना मला म्हणाली, "मम्मा, तू खरं बोलतेस ना?" अशा आवाजात, की हो म्हटलं तरी काही उपयोग नव्हता.

तू गेल्यावर मी आईंना खुर्चीतून उचलून पलंगावर नेलं नाही. तिथेच बसू दिलं. ऊन सरकलं, खोली गार झाली, तरी मी गेले नाही. शेवटी त्यांनीच हाक मारली. माझं पूर्ण नाव घेतलं, शिवांजली, एकही अक्षर न गाळता.

मी गेले. पाय थंड पडले होते त्यांचे. "का?" मी विचारलं. दुसऱ्यांदा तोच प्रश्न, त्याच बाईला.

"तो... परत आला नसता."

"आता येईल का?"

मी त्यांना उचललं. माझ्या गळ्यात त्यांचा चांगला हात असतो, दुसरा लोंबत राहतो. पलंगावर ठेवल्यावर त्यांनी गळ्यातला हात सोडला नाही. त्या रडत होत्या आणि मी त्यांना ढकलूही शकत नव्हते, कारण ढकललं तर त्या पडल्या असत्या. तशीच वाकून उभी राहिले. माझी कंबर भरून आली.

एक विचारते. तू म्हणाला होतास की नाताळनंतर आईंना आठवडाभर तुझ्याकडे नेशील. त्या ऐकून खुलल्या होत्या. कपड्यांची पिशवी भरायला लावली त्यांनी मला. ती पिशवी दाराशी आहे. नेणार नसशील तर तसं कळव, म्हणजे मी कपडे पुन्हा कपाटात ठेवीन.

शिवांजली


मयूर विहार
२८ जानेवारी २०२४

अंशुमन,

तेराव्याला तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "शेवटी काही म्हणाली का आई?" डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. हेरंबकाकांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. मी म्हटलं, "काही नाही. झोपेतच गेल्या." तू मान हलवलीस. तुला बरं वाटलं. मला ते दिसलं.

तुला बरं वाटून घ्यायचा हक्क नाही. म्हणून लिहिते आहे.

त्या झोपेत गेल्या नाहीत. संक्रांतीच्या आधी त्यांच्या छातीत कफ झाला. बाहेर कडाक्याची थंडी आणि दाट धुकं. अर्पिताला सुट्टी होती म्हणून ती फलटणला बाबांकडे गेली होती. घरात आम्ही दोघीच. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, भरती करा. आईंनी पलंगाची कड धरली आणि नको नको म्हणाल्या. मी डॉक्टरांना म्हटलं, त्यांची इच्छा नाही. मग ते औषधं लिहून गेले.

तीन दिवस त्या तुला बोलवत होत्या. आधी नेहमीसारखं, अंशू आला का. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना वाफ देत होते, तेव्हा त्यांनी वाफेचं भांडं बाजूला सारलं. धाप लागली होती. म्हणाल्या, "बोलव त्याला. खरं... सांगते."

"मागच्या वेळीही सांगणार होतात."

"आता... सांगते. शप्पत. तुझी... तुझी शप्पत."

माझी शपथ घेतली त्यांनी, अंशुमन. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडात माझी शपथ आली. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि मला कळलं की या वेळी ही बाई खरंच सांगेल. तिला आता तू परत येशील की नाही याची पर्वा उरली नव्हती. मरायच्या आधी तिला ते ओझं उतरवायचं होतं.

तू माझा नंबर ब्लॉक केला होतास, हे मी काकांनाही सांगितलं आणि ते खरं आहे. पण तुझ्या सोसायटीच्या गेटचा नंबर माझ्याकडे आहे. तुझ्या ऑफिसचा आहे. हेरंबकाका रोज संध्याकाळी येत होते, त्यांनी स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. "यावरून लाव, माझा नंबर ओळखेल तो." मी फोन घेतला, गॅलरीत गेले, काचेचं दार लावलं. कुणालाच लावला नाही. थोडा वेळ धुक्याकडे तोंड करून ओठ हलवले, म्हणजे काकांना आतून दिसावं. परत येऊन म्हटलं, "कामासाठी बाहेरगावी आहे, लवकरात लवकर निघतो म्हणाला."

काका आईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "भाभी, अंशुमन निकल चुका है."

मग त्या वाट बघायला लागल्या.

लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की त्या डोळे दाराकडे न्यायच्या. दूधवाला, कचरेवाली, वरच्या मजल्यावरची मुलं, प्रत्येकाला तू समजून. मी शेजारी बसून होते. पाणी पाजत होते, पाठ चोळत होते, औषधं वेळेवर देत होते. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, सून असावी तर अशी. म्हणालेही लोक तेराव्याला. तू ऐकलंस.

शेवटच्या सकाळी त्यांचा आवाज गेला होता. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. प्रत्येक श्वासाबरोबर तुझं नाव होतं, अंशू, अंशू, जसं लहान मूल गर्दीत हात सुटल्यावर म्हणतं. मी म्हटलं, "आई, तो येत नाहीये. त्याला मी बोलावलंच नाही."

त्यांना ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग असेल असं मला वाटलं होतं, शाप असेल. त्यात तसलं काही नव्हतं. पुढ्यातलं ताट काढून नेणाऱ्याकडे भुकेलं माणूस बघतं तसं त्या बघत राहिल्या. मग श्वास दोनदा अडला आणि थांबला. त्यांचा चांगला हात माझ्या मनगटावर होता, तो मला सोडवून घ्यावा लागला.

अग्नी मी दिला, निगमबोध घाटावर. काकांनी विचारलं, मुलाची वाट नको का बघायला? मी म्हटलं, त्याचं विमान रद्द झालं. तुला चौथ्या दिवशी कळलं ते अर्पिताकडून. तिला मी तेव्हाच सांगितलं, ठरवूनच.

तू म्हणशील, का? तुला सगळं सिद्धच करायचं होतं ना, मग ती स्वतःहून सांगायला तयार झाली तेव्हा का नाही बोलावलंस?

मीही त्या गॅलरीत उभी राहून हेच विचारत होते. तू आला असतास. ती बोलली असती. तू तिचा हात धरून रडला असतास, तिला माफ केलं असतंस, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला असतास, सॉरी शिवा. एका दुपारी सगळं मिटलं असतं. ती हलकी होऊन गेली असती, तू हलका होऊन गुरुग्रामला गेला असतास. आणि मी? मी तुमचे चहाचे कप विसळत बसले असते.

म्हणून नाही लावला फोन. तुमच्यापैकी कुणालाच ते मिळू नये, असं मला वाटलं. अजून वाटतं. रात्री झोप लागते का मला, ते विचारू नकोस.

हे पत्र वकिलाला दाखवायचं असेल तर दाखव. मराठीत आहे, भाषांतर करून घ्यावं लागेल. अर्पिताला मात्र देऊ नकोस. ती हल्ली माझ्याजवळ येऊन झोपते. आजीसाठी तू किती रडलास ते सांगते आणि म्हणते, पप्पांना परत बोलाव ना, ते एकटे पडले असतील. मी तिच्या केसांतून हात फिरवते आणि म्हणते, हो, उद्या फोन लावते.

शिवांजली